ऊसतोडीची चित्रकथा: पात्रं, ब्रश आणि शाईच्या नोंदी

18 जून, अंबाजोगाई

काम पक्कं झालं. 32 पानं, काळी-पांढरी, छापील आकार ए-फोर, म्हणजे सोळा पानांचे दोन फॉर्म. संहिता मित्राची, चित्रं माझी. केज तालुक्यातलं एक कुटुंब दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याकडे निघतं आणि होळीच्या पुढेमागे परत येतं, एवढीच गोष्ट. पात्रं सात: रुक्मिण, तिचा नवरा, अकरा वर्षांची चिंगी, कडेवरचा धाकटा, गावात मागे राहणारी आजी, तोडणीची टोळी नेणारा मुकादम आणि बैलजोडी. जोडी मी एकच पात्र धरते.

मित्राला आधी चेहरे हवेत. "रुक्मिण कशी दिसते ते एकदा कळू दे, मग संवाद नीट करतो." चेहरे सगळ्यात शेवटी, असं मी सांगून टाकलं. पात्रांचा तक्ता करायची रूढ पद्धत ठरलेली आहे: वर समोरून चेहरा, शेजारी अर्धवळता, खाली हसरे-रडके-रागावलेले मुखवटे, आणि अंग त्यानंतर. उसाच्या फडात चेहरा दिसतच नाही. डोक्याला टॉवेल नाहीतर पदर गुंडाळलेला, मान खाली, पाठ वर. तरी बांधावरून बघणारी बाई वाकलेल्या माणसांतून आपला नवरा बरोबर ओळखते. ती जे बघून ओळखते ते मला आधी काढायचंय.

25 जून

सामान आलं. होल्डर, जी-निब, बारीक कामाला क्रोक्विल निब, दोन नंबरचा गोल सेबल ब्रश, वॉटरप्रूफ काळी शाई, निळी पेन्सिल, दुरुस्तीला पांढरा पोस्टर कलर. कागद ब्रिस्टल, गुळगुळीत बाजूचा.

नव्या निबवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात फिरवलेला असतो, त्यामुळे शाई पसरत नाही, थेंब होऊन गळते. जरा टूथपेस्ट चोळून धुतलं की निब शाई धरते. ब्रशचं दुखणं वेगळं. वॉटरप्रूफ शाईत लाख असते, ती केसांच्या मुळाशी वाळली की टोक फाकतं आणि मग तो ब्रश फक्त काळं भरायच्या लायकीचा उरतो. म्हणून निम्म्यापर्यंतच बुडवायचा आणि काम चालू असतानाच मधून मधून पाण्यात हलवून घ्यायचा.

आपल्याकडे शाई हा ऋतूंचा विषय आहे. मे महिन्यात उघडी बाटली दुपारपर्यंत काकवीसारखी घट्ट होते, डिस्टिल्ड वॉटरचे थेंब घालावे लागतात. आता पाऊस लागला की उलट होणार. कागद ओल धरेल, रेषेच्या कडांना मिशा फुटतील. कागदाचा गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून धान्याच्या कोठीवर ठेवलाय.

3 जुलै

सगळा आठवडा छायाकृती. अंगठ्याएवढी आकृती, आत नुसतं काळं. डोळे नाहीत, कपड्यांच्या चुण्या नाहीत. कसोटी एकच: सातही पात्रं शेजारी ठेवली की कोण कोण ते तत्काळ कळलं पाहिजे.

रुक्मिणीचं वाकणं समजून घ्यायला वेळ दिला. उसात साखर बुडख्याकडे जास्त, म्हणून कारखान्याला ऊस जमिनीलगत तोडलेला लागतो. त्या एका अटीमुळे माणसाचा सगळा आकार बदलतो. डाव्या हातात ऊस, उजव्यात कोयता, आणि कोयत्याचं पातं मातीला टेकेल इतकं खाली जायचं. बसून घाव बसत नाही, उभ्याने हात पोचत नाही. म्हणून कमरेतून घडी, गुडघे जवळजवळ सरळ, टाचा रोवलेल्या. तोडला की वर उचलून शेंड्याचं वाढं छाटायचं, पाचट काढायचं, ऊस बाजूला टाकायचा, पुन्हा खाली. चित्रात मी यातला खालचा क्षण घेणार. वरच्या क्षणात कोयता हवेत असतो, तो दिसायला जोरकस, पण त्यात ती लढवय्यी वाटायला लागते. पोस्टरवाल्यांनी तसे कोयते पुष्कळ काढलेत.

नवरा: मोळी बांधताना एक गुडघा मोळीवर. आजी: उकिडवी, पायरीवर, हातात काहीतरी निवडणं. चिंगी: कमरेच्या एका बाजूला धाकटा, म्हणून तिचा कणा कायम एका बाजूला झुकलेला. धाकटा खाली उतरवला तरी ती तशीच उभी राहते. ही गोष्ट चित्र काढता काढता सापडली आणि मित्राला लगेच कळवली. तो म्हणाला, तेराव्या पानाचा संवादच काढून टाकतो.

मुकादम: सरळ. पाय थोडे फाकलेले, एक हात शर्टाच्या खिशाशी.

10 जुलै

आता शाई.

रेषा कुठे जाड, कुठे बारीक, याचा सर्रास शिकवला जाणारा नियम प्रकाशाचा. उजेड डावीकडून वरून आला तर त्या बाजूची रेषा बारीक, सावलीच्या बाजूची जाड. नियम चांगला आहे, पण माझ्या पानांवर निम्मी दृश्यं डोक्यावरच्या उन्हातली. उजेड उभा खाली येतो, तिथे प्रत्येकाची हनुवटी आणि तळवे जाड होतात आणि सगळी माणसं सारखी दिसू लागतात.

म्हणून या कामापुरता नियम बदलला: अंगावर वजन जिथे पडतं तिथे रेषा जाड. मोळी डोक्यावर घेतलेल्या रुक्मिणीच्या मानेमागे ब्रश पूर्ण दाबायचा, खांद्यावरून खाली येताना सोडत आणायचा, कोपरापाशी रेषा केसाएवढी, आणि परत टाचेला भरायची. मोकळा हात बारीकच. चिंगीच्या त्या एका कमरेला जाड. आजीच्या अंगात सगळीकडे बारीक, फक्त पायरीला टेकलेल्या बैठकीशी जाड. ब्रशला हे सहज जमतं, दाब कमी-जास्त केला की रेषा फुगते. निबलाही थोडं जमतं.

मुकादमाला ब्रश नाही. त्याला फाइनलायनर, 0.3 मिलिमीटर, डोक्यापासून बुटापर्यंत एकसारखी तार. त्याच्या अंगावर वजन नाही. तो बाकीच्यांच्या शेजारी उभा राहिला की दुसऱ्याच पुस्तकातून आल्यासारखा दिसतो.

मित्र म्हणाला, वाचणाऱ्याला हे कळणार नाही. नाही कळलं तरी चालेल. त्याला मुकादम खटकला की झालं.

22 जुलै, संभाजीनगर

काल अजिंठा. पावसाळ्यात वाघूर नदी वाहती असते, गर्दीही कमी. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे सगळे थांबतात, मीही थांबले, पण बराच वेळ दिला तो सतराव्या लेण्याला. तिथे माणसांची दाटी आहे. ताटं घेऊन उभे सेवक, चवऱ्या ढाळणारे, मागे वाकून कानात बोलणारे.

ही चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत. माती, शेण, भाताचं तूस यांचा लेप, वर चुन्याचा पातळ थर, तो सुकल्यावर गेरूने रेखाटन, मग रंग, आणि सरतेशेवटी पुन्हा रेषा, तपकिरी नाहीतर काळी. काळा रंग काजळीचा. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीचा तो माणूसही आकृती दोनदा काढत होता, एकदा शोधताना आणि एकदा ठरवून. जिथे रंगाची खपली पडलीय तिथे खालची गेरूची रेषा उघडी दिसते. ती वरच्या रेषेशी तंतोतंत जुळतेच असं नाही. माझ्या निळ्या पेन्सिलीचं आणि ब्रशचं हेच नातं मला हवंय.

एक फरक मात्र डोक्यात पक्का बसला. तिथल्या मुख्य आकृत्या त्रिभंगात उभ्या आहेत: मान एकीकडे, कमर दुसरीकडे, एक गुडघा सैल. ती विसाव्याची ऐट आहे. चिंगीचा कणाही तसाच तीन ठिकाणी मोडतो, पण कारण कडेवरचं पोर. म्हणजे आकार तोच, आणि रेषेची जाडी हलवली की अर्थ बदलतो. पद्मपाणीच्या कमरेशी रेषा अलगद वळते. चिंगीच्या कमरेशी ती दबली पाहिजे.

आत अंधार, फ्लॅश वापरायला बंदी, त्यामुळे वहीत केलेली टिपणं बाहेर आल्यावर बघितली तेव्हा एकावर एक चढलेली निघाली. त्यातला एक हात मात्र कामाचा आहे, ताट धरलेला.

24 जुलै

परतायच्या आधी कागजीपुऱ्याला जाऊन आले, दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावर. तुघलकाने राजधानी देवगिरीला आणली तेव्हा कागद करणारे कारागीर इथे वसले असं सांगतात. हातकागद घेतला. जुन्या पद्धतीत कागदाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत, त्यामुळे बोरूची शाई वर राहायची. मी आणलेला घोटलेला नाही, त्यावर शाई धावते. आतल्या पानांना निरुपयोगी. पण शेवटच्या पानावरच्या धुरकट आभाळासाठी तेच हवं असेल, म्हणून दोन ताव बाजूला ठेवलेत.

12 ऑगस्ट

पहिली आठ पानं पेन्सिलमध्ये. पेन्सिल मुद्दाम अपुरी ठेवते. जागा, उंची, डोळ्यांची पातळी, वजन कुठल्या पायावर, एवढंच निळ्यात. चुणी, बोटं, केस काही नाही. पेन्सिल पूर्ण केली की शाई लावताना हात तिच्यावरून गिरवत जातो आणि रेषा मरते. थोडं अनिश्चित सोडलं तर ब्रशला तिथे निर्णय घ्यावा लागतो.

ब्रशचा क्रम: बुडवायचा, बाटलीच्या काठावर फिरवून टोक काढायचं, रद्दी कागदावर एक फराटा, मग पानावर. लांब रेषा कोपरातून, बोटांतून नाही. स्वतःकडे ओढायची. दिशा अडचणीची असेल तर हात वाकडा न करता कागद फिरवायचा. मी तर चक्क पाटच फिरवते. शाई वाळेपर्यंत हाताखाली कोरा कागद. या हवेत वाळायला वेळ लागतोय, त्यामुळे एका वेळी दोन पानं चालू ठेवते.

वसंत सरवट्यांची रेखाचित्रं परत काढून बसले होते. पेशाने इंजिनियर माणूस, आणि रेषा किती सैल. कुठेही ताणलेली नाही, तरी एक वस्तू जागची हलवता येणार नाही.

4 सप्टेंबर

परवा पोळा झाला. बैल काढायला याहून चांगला दिवस नाही आणि वाईटही नाही, कारण शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा. सजावटीखालचा बैल दिसायला माणसाला सकाळी लवकर ओढ्यावर जावं लागतं, धुवायला आणतात तेव्हा.

जोडी कोणती, हा प्रश्न होता. मराठवाड्यातल्या दोन जाती डोळ्यांपुढे होत्या. लाल कंधारी अंगभर एकाच लाल रंगाची. काळ्या-पांढऱ्या छपाईत लाल म्हणजे करडा, आणि करडा म्हणजे प्रत्येक चौकटीत हॅचिंग, जवळजवळ ओढलेल्या बारीक रेघांची छटा. देवणी पांढरी, काळ्या ठिपक्यांची. तिच्यातल्या शेवरा प्रकारात अंगभर वेडेवाकडे काळे डाग, वानेऱ्यात चेहऱ्याच्या बाजू काळ्या. काळं आणि पांढरं आयतं मिळतं. एक शेवरा, एक वानेरा अशी जोडी घेतली. जाणकार शेतकरी म्हणेल, जोडी सारखी का नाही? पैसे नव्हते म्हणून, असं मित्राने संहितेत एक वाक्य घालून दिलं. चांगलं वाक्य आहे.

बैलांना सुका ब्रश. शाई रद्दीवर जवळजवळ पुसून घ्यायची आणि आडवा ओढायचा, केसांचे ओरखडे उठतात. जू जिथे मानेवर बसतं तिथे मात्र भरलेल्या ब्रशची जाड काळी पट्टी. नियम बैलांनाही तोच.

15 सप्टेंबर

शेजारच्या मावशी कितीतरी हंगाम उसाला गेल्यात, आता गुडघ्यांमुळे जात नाहीत. त्यांना पानं दाखवली. चष्मा नाही, म्हणून पान लांब धरून बघितलं.

"नुसत्या लुगड्यावर कामून काढलीस तिला? पाचट हात कापतंय. वरून गड्याचा शर्ट घालताव आमी, लांब बाह्याचा."

मग चुंबळ कशी वळतात ते स्वतःच्या पदराने करून दाखवलं. ती कपाळावर जरा पुढे येते, त्यामुळे भुवया झाकल्या जातात. नवऱ्याचं चित्र बघून म्हणाल्या, "ह्यो बरा हाय," आणि पुढे काही नाही.

शर्टाने फार फायदा झाला. साडीच्या चुण्या वाहत्या असतात, ब्रश त्यांत रमतो आणि चित्र उगाच सुंदर होतं. पुरुषी शर्टाची चुणी तुटक: काखेत, कोपरात, बटणांपाशी ओढलेली. ती निबने काढते, ठाशीव, कोनदार. साडी ब्रशने, शर्ट निबने. एकाच अंगावर दोन हत्यारं.

चहा पिताना मावशी कमरेवर हात ठेवून उठल्या. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळापर्यंत गेला, समिती नेमली गेली. संहितेत तो विषय नाही आणि मला तो घुसडायचा नाही. पण काम करणाऱ्या बाईला पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, खाडा पडला की पैसे कापले जातात, हे ज्याला माहीत आहे त्याने रुक्मिणीला उभं राहताना सरळ झटक्यात उभं करू नये. सोळाव्या पानावर ती तीन चौकटींत उठते. आधी एकच चौकट होती.

23 सप्टेंबर

चेहरे. आता ते जवळजवळ आपोआप येतायत, कारण मान किती वाकते आणि चुंबळ कुठे बसते ते ठरलेलं आहे.

पैठणच्या जुन्या चित्रकथी चित्रांत चेहरा एका बाजूने आणि डोळा मात्र भला मोठा, पूर्ण उघडा. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ती बघायला मिळतात. कथेकरी ती श्रोत्यांपुढे धरायचा, शेवटच्या माणसालाही कळलं पाहिजे म्हणून डोळा मोठा. छोट्या चौकटीचीही गरज तीच. चिंगीला मोठा डोळा दिला. मोठ्या माणसांना नाही, त्यांच्या पापण्या जड, ब्रशचा एकच ठसा.

त्वचेचा प्रश्न जास्त अवघड. काळ्या-पांढऱ्या चित्रकथांत नायक कोरा आणि खलनायक हॅचिंगने काळवंडलेला, ही सवय आपल्याकडे मुरलेली आहे. माझी सगळीच माणसं सावळी-काळी. सगळ्यांवर हॅचिंग केलं तर पानं गिचमिड होतील, कुणा एकावर केलं तर त्याच्यावर शिक्का बसेल. ठरवलं: कुणाच्याही कातडीवर एक रेघ नाही. कपडे, ऊस, जमीन, आभाळ यांना हवं तेवढं काळं. अपवाद एकोणिसावं आणि विसावं पान, जळका ऊस. फड पेटल्यावर तोडणी करावी लागते तेव्हा काजळी सगळ्यांना सारखी चढते. तिथे आकृत्या पूर्ण काळ्या भरल्या आणि डोळे, दात, शर्टाची बटणं पांढऱ्या रंगाने वर काढली. त्या दोन पानांवर मुकादमही काळा आहे, कारण तो फडाच्या कडेला उभा होता.

3 ऑक्टोबर

मुकादमावर परत काम. ओळखीच्या एका मुकादमाशी बोलणं झालं होतं. गोष्ट ऐकून म्हणाला, "ताई, कारखान्याच्या कागदावर सही माझी हाय. उचल घेऊन चार कोयते आले न्हाईत तर पैसे कुनी भरायचे? मीच की." कोयता म्हणजे त्याच्या हिशेबात एक नवरा-बायको.

मला त्याची कणव आली असं नाही. पण त्याच्या अंगावर वजन नाही हे विधान आता तसंच ठेवता येत नाही. बाविसाव्या पानावर तो रात्री एकटा मोबाइलच्या उजेडात वहीत आकडे बघतो. तिथे सगळा फाइनलायनरच, फक्त खिशावर ठेवलेल्या हाताखाली ब्रशची एक जाड रेषा. मित्राला न सांगता पाठवलं. त्याने लगेच विचारलं, याच्या खिशात काय आहे?

4 ऑक्टोबर

गावातल्या गावात एक आठवण. संतकवी दासोपंतांची पासोडी आमच्या अंबाजोगाईची: सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद कापड, आणि त्यावर शाईने ओव्याच ओव्या. चारशे वर्षं झाली. आणि मी पांढऱ्या पोस्टर कलरची दुसरी बाटली मागवतेय.

21 ऑक्टोबर

टोळ्या निघाल्या. रस्त्याने ट्रॅक्टर: बाजरीची पोती, पत्रे, हंडे, कोंबड्यांची डालगी, वर बायका-पोरं. समोर उभं राहून वही उघडली नाही. निघणाऱ्या माणसाला कुणी टिपत बसलेलं बघावं लागू नये. घरी येऊन आठवणीतून काढलं. आठवणीत राहिलं ते सामानाचं उतरतं ओझं आणि सगळ्यांत वर बसलेल्या म्हातारीचा घट्ट धरलेला पत्रा. तो हात दुसऱ्या पानावर आला.

8 नोव्हेंबर

छपाईची चाचणी. मूळ पानं ए-थ्रीवर, छापील ए-फोर, म्हणजे रेषा सुमारे 71 टक्क्यांवर येते. मुकादमाची 0.3 ची तार 0.2 च्या आसपास उरते, चालते. क्रोक्विलचं दाट हॅचिंग मात्र काही ठिकाणी मिटून काळं झालं. उसाच्या पानांतल्या मधल्या रेषा एक सोडून एक खरवडल्या.

स्कॅन 600 डीपीआयवर, मग शुद्ध काळा-पांढरा. कितपत करडं काळ्यात धरायचं, ही उंबरठ्याची पातळी प्रत्येक पानाला वेगळी ठेवावी लागते. बैलांवरचे सुक्या ब्रशचे ओरखडे एका पातळीला गायब होतात, दुसरीला शेवऱ्याचा वानेरा होतो. छापखान्यातल्या माणसाने करडी पानं पाठवा म्हटलं, ठिपक्यांची जाळी टाकून देतो. नको. जाळी पडली की ब्रशची धार जाते.

हातकागदावरचं धुरकट आभाळ मात्र करड्यातच जाईल, तेवढं एकच.

उरलेलं: अठ्ठावीस ते तीस पानांची शाई, शीर्षकाची अक्षरं, मुखपृष्ठ. मुखपृष्ठावर मित्राला चिंगी हवी, मोठ्या डोळ्यासकट. माझं मत बैलांना, मागून, जू चढवलेलं असताना. सोमवारी दोन्ही कच्ची करून त्याच्यापुढे ठेवणार आहे.